हर्ट्झचा चुकलेला आकडा

लॅपटॉप घेताना आपण प्रोसेसर किती गीगाहर्ट्झचा आहे ते आधी बघतो. हॉस्टेलमधलं वायफाय २.४ वर जोडायचं की ५ वर, यावर रूममेटशी वाद घालतो. एफएमवाले तर दर दहा मिनिटांनी आपला मेगाहर्ट्झचा आकडा गाऊन दाखवतात. दिवसातून इतक्या वेळा घेतलं जाणारं हे नाव कुणाचं तरी आडनाव आहे, हे डोक्यातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला एका टेस्टिंग लॅबवर छोटी बातमी करायला पाठवलं आणि तिथे पहिल्यांदा हर्ट्झ माणूस म्हणून भेटला.

ती लॅब म्हणजे एक विचित्र खोली होती. भिंतींवर आणि छतावर फोमचे टोकदार सुळके, मध्ये फिरतं टेबल, टेबलावर एक साधा चार्जर आणि त्याच्यापासून ३ मीटरवर एक अँटेना, लिफ्टसारखी १ मीटरपासून ४ मीटर उंचीपर्यंत वरखाली होणारी. विजेवर चालणारं जवळपास प्रत्येक उपकरण कमीजास्त प्रमाणात रेडिओ लहरी बाहेर सोडतं. त्या जास्त झाल्या तर शेजारच्या रेडिओत खरखर येते. म्हणून मर्यादा ठरलेली असते. घरगुती उपकरणांसाठी ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे अगदी नखाएवढी. पण तिथे गेल्यावर मला कळलं, की खरा घोळ चार्जरचा नसतोच. आपण जो आकडा वाचतोय तो चार्जरचा आहे, अँटेनाचा आहे की खोलीचा, हा घोळ असतो.

या घोळात सापडलेला पहिला माणूस हाइनरिश हर्ट्झ. रेडिओ लहरी आहेत हे त्यानं जगाला दाखवून दिलं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण त्या लहरींच्या वेगाचा त्याचा आकडा चुकला होता, हे नसतं. मला हा दुसरा भाग जास्त आवडला. (एकेरीत लिहितेय, पण हे सगळं घडलं तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. आपल्या कॉलेजातल्या तरुण सरांएवढा.)

हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा. वडील वकील, पुढे शहराचे सिनेटर. घरात पैसा होता, पुस्तकं होती. मुलगा भाषांमध्ये हुशार, शाळेत असताना अरबी शिकला. पण त्याचे हात सतत सुतारकामात आणि लेथवर असायचे. रविवारी तो धंदेशिक्षणाच्या शाळेत ड्रॉइंग शिकायला जायचा. साहजिकच सगळ्यांना वाटलं, पोरगा इंजिनीअर होणार. तसा तो लागलाही त्या वाटेला. फ्रँकफर्टमध्ये प्रत्यक्ष काम केलं, ड्रेस्डेनच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला, मधे वर्षभर सैन्यात राहिला. मग १८७७ मध्ये म्युनिकला पोचल्यावर त्यानं वडिलांना पत्र लिहिलं, की मला इंजिनीअरिंग नको, शुद्ध विज्ञान करायचंय. वीस वर्षांचा मुलगा, ब्रँच बदलायची म्हणून घरी परवानगी मागतोय! आपल्यातल्या कितीजणांनी हा फोन लावलाय आणि कितीजणांनी नुसताच टाइप करून डिलीट केलाय. त्याचे वडील हो म्हणाले.

पुढच्याच वर्षी तो बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे गेला. तेव्हा विजेच्या विषयात ब्रिटनमधल्या मॅक्सवेलचा एक सिद्धांत चर्चेत होता. त्यानुसार विजेचे आणि चुंबकाचे परिणाम लहरींच्या रूपात प्रकाशाच्याच वेगानं पसरायला हवेत. कागदावर सुंदर, पण अशी लहर कुणी मोजून दाखवली नव्हती. १८७९ मध्ये बर्लिनच्या अकादमीनं या सिद्धांताशी संबंधित प्रश्नावर बक्षीस जाहीर केलं आणि हेल्महोल्ट्झनी हर्ट्झला ते करून बघ म्हणून सुचवलं. हर्ट्झनं गणित मांडलं. हातातल्या साधनांनी येणारा परिणाम इतका बारीक असणार होता की तो दिसला काय नि न दिसला काय, छातीठोक सांगता आलं नसतं. त्यानं नकार दिला. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या प्रोफेसरांना सांगायचं, की आपल्या मोजपट्टीची अचूकता एवढी नाही. मला तर एचओडींना सबमिशनची तारीख पुढे ढकला म्हणून सांगायला घाम फुटतो.

१८८० मध्ये डॉक्टरेट, मग हेल्महोल्ट्झ यांचा सहायक, मग दोन वर्षं कील या गावात शिकवणं. १८८५ मध्ये तो कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेत प्राध्यापक झाला. इथे उपकरणं चांगली होती. इथेच तिथल्या एका सहकाऱ्याच्या मुलीशी, एलिझाबेथ डॉलशी, १८८६ मध्ये त्याचं लग्न झालं. आणि त्याच वर्षी वर्गात दाखवायच्या तारेच्या दोन वेटोळ्यांशी खेळताना त्याला दिसलं, की एका वेटोळ्यातून विजेचा झटका गेला की दुसऱ्या, न जोडलेल्या वेटोळ्यात बारीक ठिणगी उडते. सात वर्षांपूर्वी सोडून दिलेला प्रश्न पुन्हा समोर आला. आता साधन हातात होतं.

साधन कसलं, तर अगदी जुगाड. तांब्याची लांब तार, तिच्या दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटर व्यासाचे जस्ताचे गोळे, मधोमध छोटी फट आणि तिला जोडलेली इंडक्शन कॉइल. फटीत ठिणगी पडली की तारेतली वीज वेगानं इकडून तिकडे झुलते. हा ट्रान्समीटर. रिसीव्हर म्हणजे तारेचं एक कडं, त्यातही एक फट, स्क्रूनं कमीजास्त करता येणारी. लहर येऊन आदळली तर त्या फटीत ठिणगी दिसणार. ठिणगी केवढी? मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी. अंधार करून, डोळे ताणून बघायची. जगातली पहिली रेडिओ अँटेना हीच आणि तिचं मीटर म्हणजे हर्ट्झचा डोळा.

ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यानं रिसीव्हरवर एक काळी पेटी ठेवली. तर ठिणगी आखूड झाली! आपण काय केलं असतं? पेटी काढून टाकली असती आणि पुढे गेलो असतो. हर्ट्झ अडून बसला. पेटीची कोणती बाजू ठिणगी कमी करते, काच ठेवली तर काय होतं, क्वार्ट्झ ठेवलं तर काय होतं. मुख्य प्रयोग बाजूला ठेवून त्यानं यावर कित्येक महिने घालवले. उत्तर असं निघालं, की पहिल्या ठिणगीतला अतिनील प्रकाश दुसऱ्या ठिणगीला मदत करत होता आणि पेटी तो अडवत होती. १८८७ मध्ये त्यानं हे छापलं. यालाच पुढे फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट म्हणायला लागले. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं त्याचं स्पष्टीकरण दिलं, त्याला नोबेल मिळालं ते त्याच कामाचा उल्लेख करून. आणि हर्ट्झसाठी ती होती फक्त एक मोजमापातली अडचण.

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या घरी मुलगी झाली, योहाना. त्याच हिवाळ्यात त्यानं खऱ्या प्रश्नाला हात घातला, तो म्हणजे लहरीचा वेग. पद्धत हुशारीची होती. ट्रान्समीटरचा परिणाम एकीकडे लांब तारेतून पाठवायचा, दुसरीकडे नुसत्या हवेतून, आणि रिसीव्हर घेऊन चालत बघायचं, की दोघे कुठे एकमेकांना जोर देतात आणि कुठे मारतात. त्यावरून दोन वेगांची तुलना होते. पहिल्यांदा उत्तर आलं ते भयंकर. हवेतून परिणाम जणू क्षणात पोचतोय, वेळ लागतच नाही. म्हणजे लहर नाहीच, मॅक्सवेल खोटा. हर्ट्झ इतका निराश झाला, की त्यानं प्रयोगच बंद केले. काही आठवड्यांनी, वर्ष संपता संपता, पुन्हा सुरू केले, अंतरं वाढवून, जास्त काळजीनं. या वेळी फरक दिसला. हवेतल्या परिणामालाही वेळ लागत होता.

आता आकडे बघा. तारेतली तरंगलांबी त्याला मिळाली ५.६ मीटर. लहरीला एक झोका पूर्ण करायला किती वेळ लागतो हे तो मोजू शकत नव्हता, तेवढं वेगवान घड्याळच नव्हतं. म्हणून त्यानं ते गोळ्यांच्या आणि तारेच्या मापांवरून गणितानं काढलं. त्यावरून तारेतला वेग आला सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर आणि हवेतला सुमारे ३ लाख २० हजार. प्रकाशाचा वेग ३ लाख किलोमीटर, म्हणजे हवेतला आकडा झकास जुळला. फक्त तारेतला का कमी, ते कळेना. मॅक्सवेलच्या हिशेबानं दोन्ही सारखे हवेत.

मग त्यानं भिंतीचा प्रयोग केला. कार्ल्सरूहचा लेक्चर हॉल १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद, ६ मीटर उंच. लांबीच्या भिंतींना समांतर लोखंडी खांबांच्या दोन रांगा. त्या लहरींसमोर भिंतीसारख्याच वागतात हे हर्ट्झच्या लक्षात आलं आणि त्यानं वापरायची रुंदी ८.५ मीटरच धरली. छताला लोंबणारे गॅसचे पाइप आणि झुंबरं काढायला लावली. एका भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला. समोरून लहर सोडली. पत्र्यावरून परतलेली लहर आणि जाणारी लहर एकमेकींत मिसळल्या, की काही जागी ठिणगी जोरात उडते आणि काही जागी पार मरते. त्या मेलेल्या जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. त्यावरून पूर्ण लांबी आली ९.६ मीटर. हवेत लहर आहे, ती परावर्तित होते, तिची लांबी मोजता येते. १८८८ मध्ये हे छापून आलं आणि युरोपभर गाजलं.

थोडं थांबून आजच्या लॅबमध्ये येऊ. ९.६ मीटर तरंगलांबी म्हणजे साधारण ३१ मेगाहर्ट्झ. आणि आजची हवेतल्या उत्सर्जनाची टेस्ट सुरू होते बरोबर ३० मेगाहर्ट्झपासून! आजही त्या पट्ट्याचं हे खालचं टोक सगळ्यांत त्रासाचं, कारण एवढ्या लांब लहरीसाठी खोली लहानच पडते. फोमचे सुळके तिथे पुरत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे फेराइटच्या टाइल्स लावतात. जमीन मात्र मुद्दाम धातूची ठेवतात, म्हणजे तिच्यावरून येणारं परावर्तन निदान माहितीचं असतं. त्या परावर्तनामुळे हवेत मेलेल्या जागा तयार होतातच, हर्ट्झच्या हॉलसारख्याच. अँटेना ४ मीटरपर्यंत वरखाली होते ती त्यासाठी. एखाद्या मेलेल्या जागी बसून तिनं चार्जरला फुकट पास करू नये, म्हणून.

आणि अँटेनाचं काय? लहर पकडून ती केबलमध्ये थोडं व्होल्टेज देते. मशीनला दिसतं ते व्होल्टेज. आपल्याला हवी असते हवेतल्या लहरीची ताकद. या दोघांमधला पूल म्हणजे अँटेना फॅक्टर. तो प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा, प्रत्येक अँटेनाचा वेगळा. किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो ना, तसं प्रत्येक अँटेनाबरोबर तिचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असतं. पण ते काढायचं कसं? एक अँटेना तपासायला दुसरी खात्रीची हवी, आणि तिला तिसरी. यावरची युक्ती मला जाम आवडली. तीन अनोळखी अँटेना घ्यायच्या आणि जोड्या लावायच्या, पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. तीन मोजमापं, तीन अज्ञात, तीन समीकरणं. एकही आधी माहीत नसताना तिन्ही सापडतात. अट एकच, ज्या जागी मोजायचं ती जागा स्वच्छ हवी. त्यासाठी खुद्द जागेचीही परीक्षा होते. ३० ते १००० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती आदर्श जागेपेक्षा ४ डेसिबलहून जास्त इकडेतिकडे गेली, तर जागा नापास. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाश ऐकतात. तिथेही निरीक्षणाच्या आगेमागे आधी माहीत असलेल्या एखाद्या रेडिओ स्रोताकडे बघून आपला आकडा ताडून घ्यावा लागतोच.

हर्ट्झकडे यातलं काही नव्हतं. ना सर्टिफिकेट, ना सुळके, ना आधीचा कुणी.

त्याला खोलीचा संशय होताच. म्हणून १८८८ च्या शेवटी त्यानं खोली मोठी करण्याऐवजी लहरच लहान केली. पितळेच्या २६ सेंटिमीटर लांब नळकांड्याचा नवा ट्रान्समीटर, तरंगलांबी फक्त ६६ सेंटिमीटर. २ मीटर उंचीचे जस्ताचे अन्वस्त आरसे बनवले. डांबराचा प्रिझम ओतला, दीड मीटर उंच, वजन सुमारे ६०० किलो! लहर सरळ गेली, परतली, प्रिझममधून वाकली, तारांच्या जाळीनं अडली. म्हणजे प्रकाश जे जे करतो ते सगळं. आणि या आखूड लहरींवर तारेतला आणि हवेतला वेग जवळपास सारखाच आला. लांब लहरींवर मात्र फरक कायम. (आपल्याकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस काही वर्षांनी याच दिशेनं आणखी पुढे गेले आणि काही मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरून सगळं टेबलावर बसवलं.)

हर्ट्झ आता प्रसिद्ध होता. १८८९ मध्ये बॉनला प्राध्यापक, १८९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं रम्फर्ड पदक. आणि नेमकं तेव्हाच पॅरिसहून फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी त्याच्या सुरुवातीच्या लेखातली चूक दाखवली. झोक्याचा वेळ काढताना दोन्ही गोळे मिळून किती वीज साठवतात, तो आकडा हर्ट्झनं दुप्पट धरला होता. त्यामुळे वेळ वर्गमूळ दोनच्या पटीत, म्हणजे १.४१ पट चुकला. चूक दुरुस्त करा आणि काय होतं बघा. तारेतला २ लाखांचा वेग होतो सुमारे २ लाख ८० हजार, म्हणजे जवळपास बरोबर. आणि हवेतला, जो इतका झकास जुळला होता, तो होतो साडेचार लाख. प्रकाशाच्या दीडपट! ज्या आकड्यावर सगळे खूश होते तोच आकडा चुकून बरोबर आला होता.

इथे मी वाचता वाचता थांबले. कारण बातमी करताना दोन आकडे जुळले नाहीत की त्यातला एक गाळायचा मोह मला झालाय, खोटं कशाला बोलू. हर्ट्झकडे तर सोपी वाट होती. आखूड लहरींचे निकाल चांगले होते, तेवढे पुढे करून जुना लेख विसरता आला असता. १८९२ मध्ये त्याचे सगळे लेख पुस्तकरूपानं आले, तेव्हा त्यानं जुना मजकूर तसाच ठेवला, चुका शेवटच्या टिपांमध्ये सांगितल्या, प्वांकारेंचं श्रेय दिलं आणि प्रस्तावनेत लिहिलं की लांब लहरींचा हवेतला वेग आपल्या प्रयोगांत जुळत नाही, का ते आपल्याला ठाऊक नाही, आपली जागा लहान होती. सुरुवातीला आपण निराश होऊन प्रयोग सोडले होते, तेही लिहिलं.

तो आकडा उघडा ठेवल्यामुळेच इतरांना त्याच्या मागे लागता आलं. जीनिव्हात सारासँ आणि द ला रीव्ह या दोघांनी रिसीव्हरची कडी बदलून बघितली, तर कडं बदललं की तरंगलांबी बदलायची! म्हणजे ते मोजमाप ट्रान्समीटरचं नव्हतंच, रिसीव्हरचं होतं. याचं कारण शोधणाऱ्यांत प्वांकारेंबरोबर हर्ट्झचाच बॉनमधला तरुण सहकारी होता, नॉर्वेचा विल्हेल्म ब्यर्कनेस, जो पुढे हवामानाच्या अंदाजाचं शास्त्र उभारणारा म्हणून नावाजला गेला. ट्रान्समीटरची लहर टिपरीच्या टपक्यासारखी लगेच विरते, रिसीव्हरचं कडं मात्र देवळातल्या घंटेसारखं आपल्याच सुरात घुमत राहतं. आपण ऐकतो ती घंटा. मोजणारं साधन मोजमापात आपला सूर मिसळतं, हे तेव्हा आकड्यानिशी कळलं.

मग १८९३ मध्ये त्याच दोघांनी जीनिव्हातल्या ऱ्होन नदीवरच्या जलकेंद्राच्या प्रचंड हॉलमध्ये १६ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच धातूची भिंत उभी केली. हर्ट्झच्या पत्र्याच्या सोळा पट. तिथे हवेतला आणि तारेतला वेग सारखा निघाला. कार्ल्सरूहच्या हॉलनं, त्याच्या खांबांनी आणि भिंतींनी हर्ट्झचा आकडा वाकवला होता.

हा निकाल आला तेव्हा हर्ट्झ अंथरुणाला टेकला होता. १८९२ च्या उन्हाळ्यापासून नाक, घसा, मग कान असं दुखणं सरकत गेलं, शस्त्रक्रिया झाल्या, बरं वाटायचं आणि पुन्हा उलटायचं. त्यातही तो यांत्रिकीवरचं पुस्तक लिहीत होता. डिसेंबर १८९३ च्या सुरुवातीला त्यानं शेवटचं लेक्चर घेतलं आणि १ जानेवारी १८९४ ला बॉनमध्ये तो गेला. वय ३६. धाकटी मुलगी माटिल्डे तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. यांत्रिकीचं पुस्तक त्याच वर्षी हेल्महोल्ट्झ यांच्या प्रस्तावनेसह आलं, आणि वर्ष संपायच्या आत हेल्महोल्ट्झही गेले.

१९३० च्या दशकात आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगानं वारंवारतेच्या एककाला त्याचं नाव दिलं, १९६० मध्ये ते जगभराच्या मापनपद्धतीत पक्कं झालं. त्याच १९३० च्या दशकात जर्मनीत नाझी आले. हर्ट्झच्या वडिलांचं घराणं मूळचं ज्यू. जीवशास्त्रज्ञ झालेल्या माटिल्डेला बर्लिनमधलं काम सोडावं लागलं, आणि ती, आई आणि योहाना इंग्लंडला केंब्रिजजवळ राहायला गेल्या. हॅम्बुर्गच्या ओल्सडॉर्फ कब्रस्तानात हाइनरिश हर्ट्झची कबर आजही आहे.